बेळगावच्या टिळकवाडीतलं जपानी नूडल्सचं दुकान: पावसाळा आणि हिवाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. जायचं तर तिथंच बसून खायचं, काउंटरवर जागा धरायची आणि चिकन पैतान रामेन (कोंबडीच्या हाडांच्या दुधाळ रश्शातल्या नूडल्स) नाहीतर साधं शोयू (सोया सॉसच्या चवीचं) मागवायचं. बाकीचा मेन्यू वाचून बाजूला ठेवला तरी चालतो. पार्सल अजिबात नको. दुकान उघडल्या उघडल्या ज्यांनी पाच-पाच स्टार वाटले आणि ज्यांनी 'साडेतीनशेची मॅगी' म्हणून एका स्टारवर बोळवण केली, त्या दोघांशीही माझं जमत नाही. मृगाच्या पावसात जायला लागलो, आता थंडी सरत आली. अजून जातो, पण ठरावीक वेळी आणि ठरावीक गोष्टीसाठीच.

नाव घेत नाही. पाटीवरून ओळखायचं म्हटलं तर वरचा मोठा भाग कन्नडमध्ये (पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, हा कर्नाटकातला नियम), खाली इंग्रजी, कोपऱ्यात जपानी अक्षरं. मराठीला जागा उरलेली नाही. पण आत शिरताच 'अण्णा, किती जण?' विचारणारा पोरगा शहापूरचाच निघाला, तेव्हा ऑर्डर देताना अडचण येत नाही.

आपल्याकडं नूडल्स म्हणजे गाड्यावरच्या हक्का, सोबत गोबी. त्या चवीची अपेक्षा धरून गेलात तर पहिल्या घासालाच पैसे वाया गेले असं वाटणार. तिखट नाही, व्हिनेगर नाही, कढईचा धूर नाही. रामेनचं सगळं काम दोनच ठिकाणी होतं, पिठात आणि रश्शात. पिठात कान्सुई घालतात, म्हणजे पोटॅशियम आणि सोडियम कार्बोनेटचा खार. उन्हाळ्यात ज्यांच्या हाताखालून पापडखार गेलाय त्यांना खारानं पीठ कसं बदलतं हे वेगळं सांगायला नको. नूडल्सना तो पिवळसर रंग आणि दाताखालचा चिवटपणा त्यानंच येतो. रंग बघून 'अंडं घातलंय काय' असं बरेच जण विचारतात. काही ठिकाणी घालतातही, इथं घालत नाहीत, मेन्यूवर तसं छापलंय.

काउंटरवर बसायचं म्हणतो ते एवढ्यासाठी की समोर सगळं दिसतं. उकळत्या पाण्याच्या टाकीत लांब दांड्याच्या खोल जाळ्या लटकवलेल्या असतात, एका जाळीत एका माणसापुरत्या नूडल्स. त्या शिजतात तोवर पोरगा बाऊलमध्ये गरम पाणी ओतून तो तापवतो, पाणी फेकतो, मग तळाशी पळीभर तारे, म्हणजे खारट मुरलेला अर्क. शोयू, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं), शिओ (मिठाचं) हे प्रकार त्या पळीभर ऐवजावर ठरतात. त्यावर सुगंधी तेल, मग रस्सा. टायमर वाजला की जाळी उचलून दोनदा जोरात झटकतो. पाण्याचा शेवटचा थेंब रश्शात गेला तर चव पातळ होते, म्हणून तो झटका महत्त्वाचा. नवीन पोरगा असला की झटका अर्धवट पडतो, आणि खरंच, त्या दिवशी रस्सा बेचव लागतो. दुकानात सारखी माणसं बदलतात, तेव्हा काउंटरमागं कोण आहे ते बघून ऑर्डर द्यायची सवय मला लागलीय.

आता पैतान. कोल्हापूर दोन तासांवर, तेव्हा पांढरा रस्सा आपल्या लोकांना नवा नाही. पण तिथला पांढरेपणा नारळाच्या दुधाचा, काजू-खसखशीचा. पैतानमध्ये यातलं काहीच नसतं. कोंबडीची हाडं आणि पाय तासन्‌तास खळखळ उकळले की चरबी आणि कोलॅजन पाण्यात एकजीव होऊन रस्सा दुधाळ होतो. तीच हाडं मंद आचेवर ठेवली तर रस्सा नितळ राहतो. ओठ किंचित चिकटले की समजायचं हाडं नीट उकळलीत. इथला पैतान गार झाला की कडेला साय धरतो आणि ओठ चिकटतात, म्हणजे माल बरा आहे. तो या दुकानात शिजत नाही, मध्यवर्ती किचनमधून गोठवून येतो, इथं फक्त तापवतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बेळगावात कुणी रोज हाडं उकळत बसणार नाही, आणि साखळीतल्या दुकानाकडून दर खेपेला तीच चव मिळावी एवढीच अपेक्षा असते. तक्रार तापवण्याची आहे. गिऱ्हाईक नसलं की भांडं मंद करून ठेवतात, आणि दुपारी चारला गेलेल्या माणसाला कोमट रस्सा मिळतो. परत दिला तर गरम करून देतात, पण तोवर नूडल्स फुगलेल्या असतात.

शाकाहारी लोकांनी हा भाग नीट वाचा. मावशी खानापूरची, माळकरी. तिच्यासाठी भाज्या-टोफूचं मिसो रामेन मागवलं. बाऊल समोर आला तेव्हा तिनं आधी "काय खाऊलालास रे हे?" म्हणून माझ्याकडं बघितलं, मग वेटरला विचारलं, "माशाचं काय नाही न्हवं?" तो म्हणाला प्युअर व्हेज. मी मेन्यूची शेवटची ओळ वाचली तर मिसोच्या रश्शात दाशी (जपानी रश्शाचा मूळ अर्क) होता, आणि दाशीत बहुधा कात्सुओबुशी असतो, म्हणजे वाळवून धुरी दिलेला मासा. वर भाज्या आणि टोफू आहे म्हणून खालचा रस्साही शाकाहारी असेल असं नाही. मॅनेजरला बोलावल्यावर त्यानं कबूल केलं आणि कोंबू (समुद्री शेवाळ) आणि शिताके (अळंबी) यांचा वेगळा रस्सा दिला. तो मिळतो, पण मागितल्याशिवाय देत नाहीत. मावशीला चव आवडली, नूडल्स लांब असल्यानं काट्यावर धरेनात हीच तिची कुरकूर. चॉपस्टिकवर तर तिनं नजरही टाकली नाही. भुरके मारायला मात्र हरकत नाही, जपानातही रामेन भुरके मारूनच खातात.

गंमत म्हणजे गाड्यावर 'अजिनोमोटो नको' म्हणून बजावणारे इथं कोंबूच्या रश्शाला नॅचरल म्हणून मान डोलावतात. चव आणणारं ग्लुटामेट दोन्हीकडं तेच. १९०८ साली रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी टोकियोत ते कोंबूतूनच वेगळं काढलं होतं.

महिने गेले तसं काय बदललं? अंडं. सुरुवातीला सोया सॉसमध्ये मुरवलेलं अख्खं अंडं यायचं, दोरीनं कापल्यासारखं साफ, पांढऱ्यावर चहाचा रंग, आतला बलक मधासारखा दाट पण न वाहणारा. दिवाळीनंतर अख्ख्याचं अर्धं झालं, आणि गेल्या काही खेपांना बलकाभोवती हिरवट-करडं कडं दिसतंय. अंडं जास्त उकळलं की ते कडं येतं. तब्येतीला त्यानं काही होत नाही, पण ज्यासाठी वेगळे पैसे मोजतो ती गोष्टच जाते. दोनदा सांगून बघितलं. 'किचनला कळवतो' एवढंच उत्तर आलं. हल्ली अंडं सोडून देतो आणि त्या पैशात जादा नूडल्स घेतो, त्या प्रामाणिक आहेत. चिकनचे काप पातळ झालेत, तेही खरं, पण भाव तेवढाच ठेवला म्हणून मी सोडून दिलं.

नवीन मेन्यूत तंदूरी रामेन आणि शेजवान उडोन आलेत. उडोन बिचारी जाड, मऊ, गव्हाची साधी नूडल, हलक्या रश्शात तिची चव लागते. तिच्यावर शेजवान ओतलं की गाड्यावर शंभराच्या आत मिळणारी चीज तिपटीनं विकत घेतल्यासारखं होतं. कात्सू करी (तळलेल्या कटलेटवर घातलेली करी) मात्र मुलांना आवडते, गोडसर आणि भातावर. जपान्यांकडं करी इंग्रजांमार्फत गेली, म्हणून तिची चव आपल्या कुठल्याच रश्शाशी जुळत नाही. पोरांसाठी मागवा, स्वतःसाठी नको.

मिठाचं सांगायला हवं. रामेनचा पूर्ण रस्सा प्यायलात तर एका बाऊलमधून पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. बाबांना बीपी आहे, त्यांना नूडल्स संपल्या की बाऊल सरकवायला लावतो. ते चमचाभर चोरून पितातच.

बिल बघून घ्या. पाच टक्के जीएसटीला इलाज नाही. त्याखाली सर्व्हिस चार्जची ओळ असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच तो आपोआप लावू नये असं सांगितलंय. काढा म्हटलं की तोंड वाकडं न करता काढतात, पण दर खेपेला म्हणावं लागतं आणि पाहुण्यांसमोर ते कसंतरीच वाटतं.

पार्सल नको म्हटलं त्याचं कारण रेल्वे गेट. नूडल्स आणि रस्सा वेगळे देतात हे ठीक, पण दुसऱ्या गेटात मालगाडीसाठी अडकलात की घरी पोचेपर्यंत नूडल्सचा एकच गोळा होतो. गरम पाण्यात सोडवल्या तर आणखी शिजतात. बाऊल समोर आल्यावर सात-आठ मिनिटांत खायची वस्तू ही, ती डब्यात बसत नाही.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी फक्त एवढ्यासाठी गाडी काढू नये. दवाखाना किंवा बस्ता असं काही काम असेल तर वाटेत करा. शनिवार-रविवार संध्याकाळी बाहेर ताटकळावं लागतं आणि घाईत झटका हमखास चुकतो. आठवड्यातल्या दिवशी साडेबारा-एकला जा, तेव्हा भांडं खळखळत असतं. बस्ता उरकून मग जेवू म्हणाल तर चार वाजतील आणि रस्सा कोमट मिळेल. आधी जेवा, साड्या नंतर बघा.