८×४२ दुर्बीण आणि बोटाचा काउंटर: बालाघाटच्या कड्यावर काही महिने वापरल्यानंतर

बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याच्या बाजूने बालाघाटचा कडा गोदावरीच्या खोऱ्याकडे तोंड करून उभा आहे. सप्टेंबरअखेरीपासून उत्तरेकडून उतरणारे शिकारी पक्षी मोजायला अशीच उघडी जागा लागते. त्या कामासाठी घेतलेली ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटर) दुर्बीण आणि चार आकडी यांत्रिक काउंटर पावसाळ्याच्या शेवटापासून सतत वापरात आहेत. अनुभव दोन्हींचा एकत्रच लिहायला हवा, कारण मोजणीत एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही.

आधी दुर्बीण. मोजणीसाठी १०×४२ घेऊ नका, हे आता ठामपणे सांगता येतं. एक किलोमीटरवर ८× मधून साधारण १३० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०× मधून बहुतेक वेळा ११५ च्या आतच. ओळख पटवायला १०× बरी, पण इथे मुख्य काम रिकाम्या आकाशात ठिपका शोधण्याचं असतं. शिवाय कड्यावर वारा असतो, आणि हाताची थरथर १०× मध्ये जास्त जाणवते.

पाऊस परतला की आकाश स्वच्छ निळं होतं आणि तिथेच पक्षी सर्वात जास्त निसटतात. निळ्या पोकळीत डोळ्याला टेकायला काही नसतं, फोकस आपोआप जवळ येतो. त्यावर उपाय एकच: लांबच्या पवनचक्कीच्या पात्यांवर फोकस बांधायचा आणि चाकाला हात न लावता आकाश चाळायचं. क्षितिजालगतचा पट्टा आधी, मग अर्धं क्षेत्र वर सरकून पुढचा. पांढरे ढग असलेला दिवस मोजणीला सोन्यासारखा. दुपारी बारानंतर थर्मल (तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत) उंच जातात आणि पक्षी नुसत्या डोळ्यांना दिसेनासे होतात, तेव्हा मागे रेलता येणारी खुर्ची हवीच. मानेला अडकवायचा पट्टा पहिल्याच आठवड्यात काढून पाठीवरून जाणारा हार्नेस लावला. ७०० ग्रॅमच्या आसपासचं वजन तासन्‌तास मानेवर पेलवत नाही.

ऑक्टोबरात आजूबाजूला सोयाबीनची मळणी सुरू असते आणि तो भुसा सगळीकडे उडतो. काचेवर बसला तर उपरण्याने किंवा ओढणीने पुसू नका, कोटिंगवर बारीक ओरखडे उठतात. आधी रबरी फुंकणीने उडवा, मग मऊ ब्रश, शेवटी मायक्रोफायबर. पावसाळी ओल राहिली तर काचेला बुरशी धरते, म्हणून रात्री सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात.

आता काउंटर. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, पण मोजणीचा कणा हीच. पक्षी थर्मलमध्ये गोल फिरत असताना बटण दाबायचंच नाही, कारण वर-खाली मिसळणारा तोच पक्षी दोनदा मोजला जातो. थर्मलच्या माथ्यावर पोचून ते पंख ताणून एकामागोमाग घसरू लागतात. त्या वेळी पवनचक्की आणि कड्याचं टोक यांना जोडणारी मनातली रेघ ओलांडेल त्याचीच एक टिकटिक. थवा दाट असेल तर दहा-दहाचे गट करून टिकटिक करावी, आणि त्या तासाच्या नोंदीसमोर तसं लिहावं, नाहीतर संध्याकाळी बेरीज दहापट चुकते.

काउंटरचे दोन दोष. तो फक्त पुढे जातो, मागे येत नाही. गावाजवळच्या उकिरड्यावरच्या घारी रेघ ओलांडून परत फिरतात; त्या वजा करायला कागदावर 'परत' असा वेगळा रकाना ठेवावा लागतो. दुसरा, बाजूची शून्य करायची कळ खिशात घासून फिरते आणि आकडा जातो. म्हणून दर तासाला आकडा कागदावर उतरवायचा, आणि खिशात घालण्याआधी तर नक्कीच. एकापेक्षा जास्त काउंटर घेतलेत तर दोनच पुरेत, एक घारींना आणि एक भोवत्यांना (हॅरियर). गरुड, मधुबाज, ससाणे थेट पेन्सिलीने लिहावेत.

भोवत्यांबाबत या दुर्बिणीच्या मर्यादा ओळखून राहा. माँटेग्यू आणि पॅलिड या भोवत्यांच्या दोन जाती. नर जवळून गेला तर माँटेग्यूच्या पंखावरची काळी आडवी पट्टी दिसते, पॅलिडच्या पंखाचं फक्त टोक काळं. तपकिरी माद्या आणि पिल्लं मात्र लांबून 'माँटेग्यू/पॅलिड' अशीच लिहावीत. अंदाजाने नाव लावलेली नोंद पुढे कोणाच्याच कामाची नाही. मधुबाज लांब मान, लहान डोकं आणि आडव्या सपाट पंखांवरून बराच लांबून ओळखू येतो. भोवत्या पंख वर उचलून उथळ 'व्ही' करतो. अमूर ससाण्याची घाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला करू नका, ईशान्य भारतातल्या मुक्कामानंतर तो इकडून नोव्हेंबरच्या सुमारास जातो.

सकाळी आठ-नऊपासून दुपारी तीनपर्यंत बसा. भोवते थर्मलची वाट न पाहता पंख मारत सकाळीच खालून निघून जातात, उशिरा आलात तर ते गेलेच. प्रत्येक तासाला वाऱ्याची दिशा, दहापैकी किती भाग ढग आणि दृश्यता लिहा. काहीच न दिसलेला तासही शून्य म्हणून लिहा; ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर दर तासाची स्थिर (एकाच जागी बसून केलेली) यादी वेगळी भरा.

घेण्याआधी दुकानात एक बघून घ्या: चष्मा लावत असाल तर आय-रिलीफ (पूर्ण चित्र दिसेल असं डोळा आणि डोळ्याकडच्या काचेतलं अंतर) १६ मिलिमीटरच्या खाली नको, नाहीतर कडेचं चित्र कापलं जातं आणि रुंद क्षेत्राचा फायदा हातचा जातो.