परिवलन की परिभ्रमण? कुठे कोणता शब्द लिहावा

गोंधळाचं मूळ ‘फिरणे’ या क्रियापदात आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही फिरते. बोलताना दोन्हीकडे एकच शब्द चालून जातो, उत्तरपत्रिकेत किंवा लेखात मात्र चालत नाही.

निवडताना एकच बघायचं: ज्या आसाभोवती फिरणं चाललंय तो वस्तूच्या आत आहे की बाहेर? आत असेल तर परिवलन, बाहेर असेल तर परिभ्रमण. जात्याचा वरचा दगड जागच्या जागी गरगरतो, ते परिवलन. मळणीचा बैल तिवड्याभोवती, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, फेऱ्या घालतो, ते परिभ्रमण. गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणाही परिभ्रमणच. पण आरतीनंतर आपण उभ्या जागी स्वतःभोवती वळतो, तिलाही प्रदक्षिणाच म्हणत असलो तरी गती परिवलनाची असते. लक्षात ठेवायला सोपं: भ्रमण करायचं तर जागा सोडावी लागते.

पृथ्वीचं एक परिवलन २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत होतं. मग दिवस २४ तासांचा कसा? तेवढ्या वेळात पृथ्वी परिभ्रमणाच्या वाटेवर साधारण १ अंश पुढे सरकलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला थोडं जास्त वळावं लागतं आणि त्यात सुमारे ४ मिनिटं जातात. म्हणूनच एखादा तारा रोज सुमारे ४ मिनिटं आधी उगवतो, महिन्याभरात २ तास. ‘परिवलनाला २४ तास लागतात’ हे शाळेपुरतं ठीक. खगोलावर लिहिताना मात्र २४ तास हा सौरदिन, म्हणजे सूर्य पुन्हा डोक्यावर येईपर्यंतचा काळ, आहे हे सांगायलाच हवं.

परिभ्रमणाला सुमारे ३६५ दिवस ६ तास लागतात. वरचे ६ तास साठून दर चार वर्षांनी २९ फेब्रुवारी येतो.

दिवस-रात्र परिवलनामुळे. ऋतू ‘परिभ्रमणामुळे’ एवढंच लिहिलं तर उत्तर अर्धवट राहतं: आस २३.५ अंशांनी कललेला नसता, तर सूर्याभोवती फिरूनही आपल्याला असे ऋतू मिळाले नसते. सूर्यापासूनच्या अंतराचं कारण तर मुळीच देऊ नये. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, म्हणजे आपल्या ऐन थंडीत.

सर्वाधिक चुका चंद्राबाबत होतात. त्याची एकच बाजू दिसते, म्हणून ‘चंद्र परिवलन करत नाही’ असं लिहिलं जातं. खोलीच्या मध्यभागी खुर्ची ठेवा आणि तोंड सतत तिच्याकडे ठेवून एक फेरी मारा. खुर्चीला तुमची पाठ दिसणार नाही, तरी तुमचं तोंड मात्र चारही भिंतींकडे वळून आलेलं असेल. चंद्राचं परिवलन आणि परिभ्रमण दोन्हींना सुमारे २७.३ दिवस लागतात, एवढंच.

शुक्राचे आकडे लिहिताना दोनदा तपासा. त्याचं परिवलन २४३ दिवसांचं, परिभ्रमण २२५ दिवसांचं. तिथे शब्दांची अदलाबदल झाली, तर वाचणाऱ्याला चूक खटकतही नाही. परिवलनाला कमी वेळ लागतो अशी पृथ्वीवरून सवय झालेली असते, म्हणून उलट तेच बरोबर वाटतं.