ड्रायरची नळी आणि ती साफ करायचा ब्रश : आठ महिन्यांचा अनुभव

आमचं न्यू जर्सीतलं टाउनहाउस. बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घालायला सोसायटीची परवानगी नाही, त्यामुळे बारा महिने ड्रायरच. मशीन गॅसवरचं, सात वर्षांचं. टॉवेलचा लोड ४५ मिनिटांत खडखडीत वाळायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच लोडला ८० मिनिटं लागायला लागली, तरी टॉवेलचे काठ दमटच. मशीन जुनं झालं, असंच मी धरून चालले होते. जानेवारीत एका रात्री पाहिलं तर ड्रम फिरतोय आणि आत थंडगार.

दुरुस्तीवाला आला, थर्मल फ्यूज बदलला, पैसे घेऊन गेला. तीन आठवड्यांत फ्यूज पुन्हा उडाला. याचा मला अजून राग आहे. गरम हवेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की आतलं तापमान वाढतं आणि हा फ्यूज उष्णता बंद पाडून पुढचा अनर्थ टाळतो. ताप का आला ते न बघता नुसती गोळी द्यावी, तसं झालं हे. ‘मागची नळी एकदा बघा’ एवढं तरी त्याने सांगायला हवं होतं.

फ्यूज दुसऱ्यांदा बदलल्यावर मीच ड्रायर चालू ठेवून घराच्या मागे गेले. भिंतीवर हवा बाहेर पडते तिथे तीन झडपा आहेत. ड्रायर चालू असताना त्या वाऱ्याने उघड्या राहायला हव्यात. आमची खालची झडप नुसती थरथरत होती, वरच्या दोन मिटलेल्या. हात धरला तर वारा नाही, फक्त ऊब. ही तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे, हे वाचून झाल्यावर लगेच करा.

मग गॅसचा कॉक बंद करून, गॅसच्या नळीला ताण बसणार नाही अशा बेताने आम्ही दोघांनी मशीन पुढे ओढलं. मागची चंदेरी फॉइलची लवचीक नळी भिंतीला दाबून चपटी झाली होती. काढून हातात घेतली तर जड लागली. आत घोंगडीसारखा दाटून बसलेला लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या तंतूंचा थर, राखाडी-निळा, दमट. मधेच एक लाल पट्टा होता. आधीच्या दिवाळीत घेतलेली लाल चादर पहिल्यांदा धुतली, तेव्हाचा तो. म्हणजे तेव्हापासून सगळं तिथेच साचत होतं, आणि फिल्टर मात्र मी दर लोडला साफ करत होते.

लिंट म्हणजे पिंजलेला कापूसच, ठिणगी मिळाली तर वातीसारखा पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी दिलेला अंदाज वर्षाला सुमारे २,९०० घरगुती ड्रायर-आगींचा आहे. त्यातलं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं, ३४ टक्के, आणि सर्वाधिक आगी जानेवारीत. गॅसचा ड्रायर असेल तर आणखी एक धोका : त्याच नळीतून जळलेला वायूही बाहेर जातो. नळी तुंबली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याचा अलार्म आम्ही त्याच आठवड्यात बसवला.

आता ब्रशबद्दल. ड्रिलला जोडायच्या लवचीक कांड्या एकमेकींत पिळून लांब करायच्या आणि टोकाला गोल ब्रश लावायचा. काम उत्तम करतो, पण कडक धातूच्या नळीतच. फॉइलच्या नळीत फिरवू नका, फाटते. आम्ही ती नळी टाकून दिली आणि ४ इंची कडक धातूची बसवली. सांधे फॉइल टेपने बंद केले. कापडी डक्ट टेप उष्णतेने सुटते, ती नको. सांध्यांना स्क्रूही मारले नाहीत. तळघराच्या छतातल्या जुन्या नळीत बिल्डरने मारलेल्या स्क्रूंची टोकं आत आली आहेत, आणि प्रत्येक टोकाला लिंटचा एकेक झुबका लटकलेला होता.

ड्रिल कायम घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवायचं. उलटं फिरलं की कांड्या सुटतात आणि ब्रश नळीतच राहतो. पहिल्याच दिवशी आमची एक कांडी अशी सुटली, ती काढण्यात तास गेला. तेव्हापासून प्रत्येक जोडावर इलेक्ट्रिकची टेप गुंडाळते, पुन्हा सुटलेली नाही. ब्रश लिंट सोडवतो, पण सगळं बाहेर आणत नाही. म्हणून शेवटी मशीन जोडून उष्णता बंद ठेवून १० मिनिटं नुसती हवा सोडते. त्या वेळी मागच्या अंगणात बर्फ पडल्यासारखं दिसतं.

नळीची लांबीही मोजा. इथल्या सर्वसाधारण नियमात मर्यादा ३५ फूट, आणि दर काटकोनी वळणाला त्यातून ५ फूट वजा. आमची १८ फूट आणि दोन वळणं, म्हणजे हिशेबाने २८. मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळा. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी लावू नका, लिंट अडकून तीच तुंबते.

ड्रायर शीट (कपडे मऊ राहावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचा पातळ तुकडा) वापरत असाल तर फिल्टर नळाखाली धरून बघा. आमच्या फिल्टरवर पाणी साचून राहिलं, इतका शीटचा मेणचट थर बसला होता. साबण आणि मऊ ब्रशने धुतला, शीट बंद केल्या.

पुण्यातल्या माझ्या बहिणीकडे कंडेन्सर ड्रायर आहे. त्याला बाहेर जाणारी नळी नसते, त्यामुळे हा ब्रश तिच्या कामाचा नाही. तिला फिल्टर आणि कंडेन्सरच साफ ठेवावे लागतात.

फेब्रुवारीत पहिल्यांदा ब्रश फिरवला तेव्हा किराणाच्या दोन पिशव्या भरून लिंट निघालं. जूनमध्ये पाव पिशवी. आता नवरात्रात तिसऱ्यांदा केलं, तर मूठभर. फ्यूज पुन्हा उडालेला नाही. काल टॉवेल ४४ मिनिटांत वाळले, आणि मागच्या तिन्ही झडपा पूर्ण उघड्या होत्या.