बार्शी रोडच्या माळावरची रानफुलांची फेरी: पैसे वसूल, पण गुडघे सांभाळा

गुडघे दुखत असतील तर दोनदा विचार करा, कारण फेरी नेणारे सर उभ्याने काहीच दाखवत नाहीत.

सोलापूरहून बार्शीकडे जाताना नान्नजच्या अलीकडे, माळढोक अभयारण्याच्या हद्दीबाहेरच्या माळावर सकाळी साडेसहाला सुरुवात. माणशी तीनशे रुपये, चहा-पोह्यांसकट. सर इथल्याच कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, पण हा माळ नोकरी लागायच्या आधीपासून तुडवतायत. भाद्रपदात जा, आपल्याकडे पाऊस जोर धरतो तोच तेव्हा.

विष्णुक्रांता, तरवड ही तर ओळखीचीच. खरी मजा खर्पुडीपाशी, म्हणजे कंदीलपुष्पांतल्या एका कंदवाल्या वेलीपाशी. इंचभराचं, बुडाशी फुगीर फूल. सरांनी गळून पडलेलं एक ब्लेडने उभं चिरलं. नळीत खाली वळलेले बारीक केस होते. चिलट आत शिरतं आणि केसांमुळे अडकतं. केस सुकले की सुटका, जाताना अंगावर पराग. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून बघत होतो.

गुराखी पोरं तिचे कंद खातात, त्याबद्दल सरांची तक्रार नाही. राग आहे तो प्लॉटिंगवर. कुठे जेसीबी लागणार कळलं की सर आधीच जाऊन कंद काढतात, गच्चीत तेलाच्या डब्यांत जगवतात आणि पुढच्या पावसात दुसऱ्या माळावर लावतात. ‘कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादवांनी कंदीलपुष्पांवर केवढं काम केलं, मी आपलं डब्यात करतोय,’ म्हणाले. माळावर खड्डे घेऊन झाडं लावणाऱ्यांवर तर त्याहून भडकतात. सावली पडली की ही उन्हातली फुलंही जातात आणि माळढोकाची मोकळी जागाही.

टारफुल्यापाशी मात्र आमचं वाजलं. मोहोळकडच्या आमच्या शेतात सासरे तो दिसला की उपटायचे. ज्वारीच्या मुळांत घुसून रस ओढतो मेला! सर त्याच्यापुढेही बसले. ‘शेतात उपटा, माळावर राहू द्या.’ मला अजून पटलेलं नाही. फूल देखणं आहे, पांढरंशुभ्र, एवढं कबूल.

वीसेक माणसं फार होतात, मागच्यांना ऐकू येत नाही. नावं आधी लॅटिन, मराठी विचारलं तरच. बायकांची सोय काही नाही, घरूनच आवरून निघा. बूट घाला, सराटे चपलेतून आरपार जातात. नाव नोंदवायला फोनच करा, सर व्हॉट्सॲप बघत नाहीत.