काजूच्या अ‍ॅलर्जीवरील उपचार : पणजीतील एका क्लिनिकचा अकरा महिन्यांचा अनुभव

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला काजूची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. चवथीचे मणगणे (चणाडाळीची खीर), सत्यनारायणाचा शिरा, बिब्यांची म्हणजे ओल्या काजूगरांची भाजी अशी पानोपानी काजू असलेली गोव्यातली पंगत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. (पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आमच्या घरामागच्या डोंगरावरही आहे; उन्हाळ्यात बोंडांचा वास आला की ती खिडकी लावून घेते.)

पणजीतील एका खाजगी क्लिनिकमध्ये तिच्यावर ओरल इम्युनोथेरपी, म्हणजे अ‍ॅलर्जीचा पदार्थच थोडा थोडा खायला देऊन शरीराला त्याची सवय लावण्याचा उपचार, सुरू आहे. काजूच्या पुडीची काही मिलिग्रॅमची मात्रा रोज घरी घ्यायची, साधारण दर दोन आठवड्यांनी ती क्लिनिकमध्ये डॉक्टरांसमोर वाढवायची आणि तासभर तिथेच थांबायचे, असा क्रम आहे. ताप असल्यास आधी फोन करणे, मात्रेनंतर दोन तास धावपळ टाळणे, तीव्र प्रतिक्रिया आल्यास अ‍ॅड्रेनलिनचे तातडीचे इंजेक्शन मांडीत टोचणे, हे सारे त्यांनी नीट शिकवले. त्या बाजूने मी समाधानी आहे.

मुलीच्या मनाची मात्र पहिले चार महिने कोणी विचारपूस केली नाही. जो पदार्थ विषासमान आहे असे आम्हीच तिला जन्मभर बजावले, तोच रोज संध्याकाळी आम्ही तिच्या हातावर ठेवू लागलो होतो. एकदा ओठ खाजले तेव्हा तिने विचारले, ‘‘आई, मी आता मरणार का?’’ हे सांगितल्यावर डॉक्टर ‘‘मुले घाबरतातच’’ एवढेच म्हणून पुढच्या मात्रेचा आकडा लिहू लागले. पुढे काही दिवस ती पुडी तोंडात धरून तुळशीपाशी थुंकत होती. आम्हाला पत्ता नव्हता, क्लिनिकलाही नव्हता. मात्रा ठरल्याप्रमाणे वाढली आणि तिच्या अंगभर पित्त उठले.

त्यानंतर तिथल्या एका परिचारिकेने तिला समोर बसवून अर्धा तास दिला. तोंडात किंचित खाज येणे हे शरीर शिकत असल्याचे लक्षण असू शकते, पण श्वास लागणे, आवाज बसणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे ही वेगळी गोष्ट असून तेव्हा लगेच हाक मारायची, असा फरक तिने समजावला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या ५० मुलांपैकी ज्यांना सौम्य लक्षणांचा असा अर्थ सांगितला गेला, त्यांची चिंता कमी राहिली, हे मी नंतर वाचले. आता मुलगी स्वतःच्या वहीत लक्षणे लिहिते आणि मात्रा न लपवता घेते, जरी शाळेतल्या वाढदिवसाला अजून जात नाही.

उपचारासाठी मी हे क्लिनिक सुचवीन, परंतु मुलाशी कोण बोलणार, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. आम्ही मात्रा वाढवण्यासाठी आता शुक्रवारच मागून घेतो, कारण ती परिचारिका आठवड्यातून दोनच दिवस असते.