‘प्रात’च्या पडद्यावर ‘सोफा’चा शेवट

इंग्रजी शब्दांच्या शेवटी येणारे दुबळे, म्हणजे जोर न देता उच्चारलेले, स्वर तोंडात कसे घडतात, हे समजून घेण्यासाठी गेले तीन महिने मी ‘प्रात’ ही बोललेल्या आवाजाचे विश्लेषण पडद्यावर दाखवणारी संगणकप्रणाली वापरत आहे. यापूर्वी ज्या उच्चारवर्गाला पैसे भरले होते, तेथे “शेवटचा स्वर गिळा” यापलीकडे काही सांगत नसत. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी घडवलेली ही प्रणाली विनामूल्य आहे.

मी ‘सोफा’ हा शब्द मराठी वळणाने ध्वनिमुद्रित केला आणि एका इंग्रज सहकाऱ्याकडूनही म्हणवून घेतला. घशापासून ओठांपर्यंतच्या पोकळीत ज्या कंपनसंख्या घुमतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात आणि पडद्यावर त्या लाल ठिपक्यांच्या ओळींनी दिसतात. जबडा जितका उघडावा तितकी पहिली ओळ वर चढते. माझ्या ‘आ’मध्ये ती बरीच वर होती, सहकाऱ्याची स्पष्टपणे खाली. अशा दुबळ्या स्वरात जीभ मध्येच सैल राहिली, की सुमारे १७ सेंटिमीटरची ही पोकळी एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीसारखी वागते आणि फॉर्मंट ५००, १५०० व २५०० हर्ट्झच्या आसपास पडतात. शब्दाच्या अगदी शेवटी जबडा किंचित अधिक उघडतो. उलट ‘रोझेस’मध्ये दोन ऊष्म (हवा घासून उच्चारल्या जाणाऱ्या) व्यंजनांच्या कात्रीत सापडलेल्या जिभेला खाली यायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तेथील स्वर ‘इ’कडे झुकतो.

त्यानंतर सहज ‘केलं’ हा शब्द मुद्रित केला आणि त्याचा शेवट सहकाऱ्याच्या ‘सोफा’च्या शेवटाशी इतका जुळला, की मी तो तीनदा तपासला. आपला स्वर थोडा लांबतो, एवढाच फरक. जो उच्चार परका म्हणून मी घोकत होतो, तो दिवसभर माझ्याच तोंडी असतो, याचा मला फार आनंद झाला.

‘बटन’च्या इंग्रजी उच्चारात तर अनेकदा शेवटचा स्वर उरतच नाही: जिभेचे टोक दंतमुळाला टेकलेलेच राहते, मृदुतालू (टाळूचा मागचा मऊ भाग) खाली येतो आणि हवा नाकावाटे सुटते.

नव्या माणसाला या प्रणालीची रचना अवघड वाटेल. फॉर्मंटची कमाल मर्यादा मुळात ५५०० हर्ट्झ असते, ती स्त्रीच्या आवाजाला योग्य आहे. पुरुषाने ती ५००० करून घ्यावी. मुद्रण करताना पंखा बंद ठेवावा आणि सुरुवात ‘सोफा’ व ‘केलं’ यांच्यापासूनच करावी.