इलेक्ट्रिक कारचा विमा: शोरूमची पॉलिसी घ्यावी की थेट कंपनीची?

इलेक्ट्रिक कारचा विमा मी दोन्ही वाटांनी घेऊन पाहिला आहे. पहिल्या वर्षी शोरूमने कारसोबत दिला तो, आणि दुसऱ्या वर्षापासून थेट विमा कंपनीकडून. ज्यांची डिलिव्हरी जवळ आली आहे किंवा पहिलं रिन्युअल तोंडावर आहे, त्यांच्या मनात हाच प्रश्न असतो. झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये सुट्या भागांच्या किमतीतून घसारा कापू न देणारं जादा कव्हर आणि एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा भाग आधी बाजूला काढू, कारण तिथे निवडीला वावच नाही. तो दर सरकार ठरवतं. शोरूमच्या टेबलावर घ्या की घरी बसून मोबाइलवर, आकडा तोच. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना १५ टक्के सूट आहे, आणि ही सूट शोरूममध्ये आवर्जून सांगितली जाते. मात्र ती कोणत्या गटात मिळते हे पाहायला हवं. पेट्रोल गाड्यांचे गट सीसीवर पाडले आहेत, इलेक्ट्रिकचे मोटरच्या किलोवॅटवर. बॅटरीच्या किलोवॅट-अवरशी त्याचा संबंध नाही. इथे अनेकांची गल्लत होते. ३० किलोवॅटपर्यंत वर्षाला १,७८० रुपये, ६५ पर्यंत २,९०४ आणि त्यापुढे ६,७१२. आता नेक्सॉन घ्या. पेट्रोल नेक्सॉनचं इंजिन १,१९९ सीसीचं, म्हणजे मधला गट, ३,४१६ रुपये. नेक्सॉन ईव्हीची मोटर ९५ किलोवॅटच्या आसपास किंवा त्याहून जास्त, म्हणजे वरचा गट. नाव एकच असलेल्या दोन गाड्यांत सूट धरूनही इलेक्ट्रिकवाला जवळपास दुप्पट भरतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांची एकदम घ्यावी लागते, त्यामुळे हा फरक पहिल्याच दिवशी २०,९०७ विरुद्ध १०,६४० असा समोर येतो; वर १८ टक्के जीएसटी वेगळा. टियागोत उलट आहे. टियागो ईव्ही मधल्या गटात बसते आणि तिथे सूट खरोखर पदरात पडते. तेव्हा ‘ईव्हीचा विमा महाग’ किंवा ‘स्वस्त’ असं सरसकट कुणी सांगितलं, तर आधी मोटर किती किलोवॅटची ते विचारा.

खरी निवड आहे ती ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. तिथे कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे, आणि शोरूम व थेट कंपनी यांच्यातला फरकही तिथेच दिसतो.

शोरूमच्या पॉलिसीच्या बाजूने बोलायचं तर डिलिव्हरीच्या दिवशी डोक्याला कसलाही ताप नसतो. कर्ज, आरटीओ, विमा, सगळं एका फाइलमध्ये. क्लेम करायची वेळ आली तर गाडी वर्कशॉपला लावायची आणि घरी यायचं. फॉर्म भरण्यापासून सर्व्हेअरला बोलावण्यापर्यंत त्यांचा माणूस सगळं बघतो. ज्यांना या कटकटीसाठी वेळ नाही, त्यांना थोडे पैसे जास्त देऊन हे परवडतं. मीही पहिल्या वर्षी म्हणूनच ती घेतली. शोरूममधूनच विमा घ्यायची सक्ती मात्र करता येत नाही. विमा नियामकाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ते स्पष्ट आहे.

त्या पहिल्या कोटेशनमध्ये दोन गोष्टी खटकल्या होत्या. जुन्या पेट्रोल कारची ५० टक्के एनसीबी माझ्याकडे होती. ती मालकाची असते, गाडीची नसते, आणि पेट्रोलवरून इलेक्ट्रिकवर सहज नेता येते. कोटेशनमध्ये ती धरलीच नव्हती. मी जुन्या कंपनीचं पत्र नेऊन दिलं तेव्हा ओन डॅमेजचा आकडा खाली आला. दुसरी गोष्ट म्हणजे ॲड-ऑनच्या गठ्ठ्यात चक्क इंजिन प्रोटेक्ट होतं. काढायला सांगितल्यावर काढलं, पण तो गठ्ठा पेट्रोल गाड्यांसाठी बांधलेला होता हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ते लक्षात आलं आठ महिन्यांनी. गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर गाडीला खालून दगड लागला. मोठा आवाज झाला, पण गाडी व्यवस्थित चालत होती, डॅशबोर्डवर कोणताही इशारा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला नेली. लिफ्टवर घेतल्यावर बॅटरी पॅकखालच्या संरक्षक पत्र्याला खोल पोचा दिसला. पॅकला आतून इजा झाली आहे का ते तपासून सांगू म्हणाले, आणि तोपर्यंत जे इस्टिमेट हातात दिलं त्यात पूर्ण पॅक बदलण्याचीही एक ओळ होती. ती रक्कम गाडीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त होती.

मी पॉलिसीचं वर्डिंग काढून वाचायला बसलो. मोटर विम्यात सुट्या भागांवर घसारा लावायचा जुना ठरलेला तक्ता आहे: काचेला काही नाही, फायबरला ३० टक्के, आणि रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना ५० टक्के. गाडी नवी असो की जुनी, बॅटरीला निम्मा घसारा. हा तक्ता तयार झाला तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटखालची १२ व्होल्टची, काही हजारांची वस्तू. इलेक्ट्रिक गाडीत तीही असते आणि खाली लाखो रुपयांचा पॅकही असतो. वर्डिंगमध्ये मात्र शब्द एकच: बॅटरी. झिरो डेप घेतलंय म्हणून निश्चिंत व्हावं, तर माझ्या झिरो डेपच्या कलमात ‘टायर, ट्यूब व बॅटरी वगळून’ असं लिहिलेलं. पुन्हा तोच शब्द, कोणती बॅटरी ते न सांगता.

शोरूमच्या विमा डेस्कवर विचारलं. तिथला मुलगा चांगला, नम्र. ‘‘सर, बंपर टू बंपर आहे, सगळं कव्हर आहे, तुम्ही काळजी करू नका.’’ म्हटलं, हेच मला लिहून दे. ते कंपनी देईल म्हणाला. कंपनीला फोन केला तर त्यांनी पॉलिसी ज्यांच्यामार्फत घेतली त्यांच्याकडे विचारा असं सांगितलं. सर्व्हेअर म्हणाले, पॅक बदलायची वेळ आली तर बघू. तीन दिवस हे असंच चाललं. मी त्या तीन दिवसांत जितक्या जणांशी बोललो त्यातला एकही उद्धट नव्हता, एकही खोटं बोलला असं मला वाटत नाही. पण पॅक बदलावा लागला तर माझ्या खिशातून शून्य जाणार की लाखांत, हे एकालाही सांगता आलं नाही.

तपासणीत पॅक सुखरूप निघाला. पत्रा आणि दोन प्लास्टिकचे भाग बदलले. ते बिल एनसीबी घालवण्याइतकं मोठं नव्हतं, म्हणून क्लेम मागे घेऊन पैसे मीच भरले. त्यामुळे त्या शब्दाचा अर्थ अखेरपर्यंत लागलाच नाही. माझा निर्णय ठरला तो या अनुभवावरून, हप्त्यातल्या फरकावरून नाही.

रिन्युअलच्या वेळी शोरूमचं कोटेशन आलं, शिवाय दोन कंपन्यांची मी स्वतः मागवली. तिघांनाही ईमेलवर एकच प्रश्न विचारला: ट्रॅक्शन बॅटरी पॅकला (गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीला) अपघाती इजा झाली आणि तो बदलावा लागला, तर त्यावर घसारा कापला जाईल का, आणि कोणत्या कलमानुसार? एका कंपनीकडून चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्यांच्या बॅटरी कव्हरमध्ये पॅक, मोटर आणि चार्जर यांचा नावाने उल्लेख आहे, घसारा नाही, आणि पाणी शिरून झालेलं नुकसानही त्यात आहे, असं कलम क्रमांकासह लिहिलेलं. दुसऱ्या कंपनीने माहितीपत्रक पाठवलं. शोरूमकडून फोन आला, पुन्हा तेच: सगळं कव्हर आहे सर. जिने लिहून दिलं तिच्याकडे मी गेलो. हप्ता शोरूमपेक्षा साधारण सहा हजारांनी कमी बसला तो बॅटरी कव्हर धरूनही, पण बरोबरीचा असता तरी मी हेच केलं असतं.

इथे एक सोय फार कमी जणांना माहीत असते. तीन वर्षांची थर्ड पार्टी पहिल्या कंपनीकडे असली, तरी ओन डॅमेज दुसऱ्या वर्षी वेगळ्या कंपनीकडून घेता येतं. १ सप्टेंबर २०१९ पासून तसं स्वतंत्र कव्हर मिळतं. फक्त जुन्या थर्ड पार्टी पॉलिसीचा क्रमांक द्यावा लागतो. शोरूममध्ये मला ‘तीन वर्षं आमच्याकडेच आहे ना’ असं सांगितलं गेलं होतं आणि मीही ते काही महिने खरं धरून होतो.

थेट घेण्यात धोका कुठे आहे, तर आयडीव्हीत, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत. मोबाइलवर हप्ता कमी दाखवण्यासाठी आयडीव्ही खालच्या टोकाला ठेवलेली असते, आणि आपण आकडा बघून खूश होतो. इलेक्ट्रिक गाडीत याचे परिणाम जास्त बोचतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. समजा आयडीव्ही १२ लाख आहे, तर ती रेषा नऊ लाखांवर. आयडीव्ही दहा लाखांवर आणली की साडेसातवर. पॅक आणि थोडं बॉडीचं काम एवढ्यावर ती सहज ओलांडली जाऊ शकते, आणि मग दुरुस्त होण्यासारखी गाडी हातची जाऊन कमी रकमेचा चेक येतो. शिवाय आयडीव्ही निघते गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू किमतीवरून, तुम्ही मोजलेल्या किमतीवरून नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत कमी केली. बॅटरी सेल स्वस्त झाले हे कारण दिलं. नव्याने घेणाऱ्यांसाठी चांगलीच बातमी, पण आधी घेतलेल्यांची आयडीव्ही वयाचा घसारा आणि ही कपात अशी दोन्ही बाजूंनी खाली आली. म्हणून निदान पहिली दोन-तीन वर्षं रिटर्न टू इन्व्हॉइस (टोटल लॉस झाला तर आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची रक्कम देणारं ॲड-ऑन) घ्यावं असं मला वाटतं. ते शोरूमकडे मिळतं तसं थेटही मिळतं.

बाकीच्या ॲड-ऑनवर फार वेळ घालवू नका. रोडसाइड असिस्टन्स घेताना गाडी फ्लॅटबेडवर नेतात की चाकं टेकवून ओढतात एवढं विचारा, कारण ईव्ही ओढत नेणं मोटरला घातक असतं. किलोमीटरप्रमाणे हप्ता ठरणारी पॉलिसी कमी रनिंगवाल्यांसाठी आहे. ईव्ही घेणारा बहुतेक रनिंग जास्त म्हणूनच घेतो. आणि बॅटरीची रेंज हळूहळू कमी होणं विम्यात कुठेच येत नाही, तो वॉरंटीचा विषय आहे. वॉरंटीचे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर दाखवून ‘बॅटरीची काळजीच नाही’ असं कुणी म्हणालं तर दगड, पाणी आणि अपघात त्यात नसतात हे लक्षात असू द्या.

थेट घेतल्यावर क्लेमला वर्कशॉपवाले हात आखडता घेतील अशी भीती मला होती. आतापर्यंत एकच क्लेम झाला, समोरच्या काचेचा. त्याच वर्कशॉपमध्ये, कॅशलेस, दोन दिवसांत गाडी परत. फॉर्म मला भरावा लागला आणि फोटो मला काढून पाठवावे लागले, एवढाच फरक. अर्थात काच म्हणजे बॅटरी नव्हे. पॅकचा क्लेम माझ्यावर आलेला नाही, त्यामुळे तिथेही असंच सुरळीत होईल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तुमच्या शहरात त्या ब्रँडचं एकच वर्कशॉप असेल आणि ते तुम्हाला हव्या असलेल्या कंपनीच्या कॅशलेस यादीत नसेल, तर शोरूमचीच पॉलिसी शहाणपणाची ठरेल. आई-वडिलांच्या नावावर गाडी असेल आणि क्लेमच्या वेळी धावपळ त्यांनाच करावी लागणार असेल, तरीही मी शोरूमच सुचवीन. मात्र त्याही वेळी ती बॅटरीची ओळ लेखी मागून घ्या. शोरूम देत असेल तर माझा मुख्य आक्षेप उरतच नाही.

हे सगळं मुदत संपायच्या आदल्या रात्री होत नाही. मला उत्तर यायला चार दिवस लागले, म्हणून आता मी महिनाभर आधी ईमेल टाकतो. पॉलिसी एक दिवस जरी खंडित झाली तरी गाडीची तपासणी मागतात, आणि ९० दिवस गेले की जमवलेली एनसीबी संपते. मागच्या वर्षीचं ते उत्तर मी पॉलिसीच्या प्रतीसोबत गाडीतच ठेवलं आहे, आणि दर रिन्युअलला नवं वर्डिंग त्याच्याशी ताडून बघतो. यंदा कलमाचा क्रमांक बदलला होता, मजकूर तोच होता.